धडधाकट अंगाचं देणं

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे. तिथे लग्नाला मुहूर्त लागत नाही, असं आम्ही मानतो. त्यामुळे आडदिवशीही वऱ्हाडं उतरलेली दिसतात. अक्षता पडून पंगती बसल्या, की कुणी म्हातारी नातवंडांना कचाची गोष्ट सांगायला घेते. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे शिकायला आलेल्या कचाला दैत्यांनी जाळलं, राख मद्यात कालवली आणि ती गुरूलाच पाजली. शिष्य गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढावं तर गुरू मरणार, आणि त्याच्या लेकीला, देवयानीला, तर दोघंही हवेत. मग शुक्राचार्यांनी पोटातल्या पोटात कचाला विद्या शिकवली. तो गुरूचं पोट फाडून बाहेर आला आणि शिकलेली विद्या पहिल्यांदा त्यानं गुरूवरच वापरली. आम्ही कोपरगावकर या संजीवनीचं नाव साखर कारखान्याला देऊन मोकळे झालो. मी मात्र दर वेळी त्या गुरूपाशी थांबते. कसला आजार नाही, कसली इजा नाही, आणि या माणसानं आपलं पोट पुढे केलं.

असं अंग पुढे करणाऱ्या बायका अमेरिकेत, इंडियानापोलिसला आहेत. तिथल्या इंडियाना विद्यापीठात 2007 पासून सुसान कोमेन यांच्या नावाची टिश्यू बँक, म्हणजे निरोगी स्तनांचे नमुने जपणारी बँक, चालते. गाठ नाही, दुखणं नाही अशी बाई तिथे येते. छातीचा थोडा भाग बधिर करतात, सुईनं आतले बारीक तुकडे काढतात आणि लगेच गोठवून टाकतात. रक्त घेतात. वय, बाळंतपणं, पाळीची शेवटची तारीख लिहून घेतात. मग ती घरी जाते. तिचा स्वतःचा कसलाही इलाज त्यातून होत नाही. 2012 च्या फेब्रुवारीत त्या शहरात अमेरिकी फुटबॉलचा सुपर बोल व्हायचा होता. त्याच्या आधी भरलेल्या शिबिरात सुमारे 700 बायकांनी असे तुकडे दिले. आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान, त्यांच्याकडे सामन्याच्या निमित्तानं हे. निमित्त काही का असेना.

निरोगी तुकडा हवा कशाला? आमच्या भागात कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत. चोपण पट्ट्याला लागून असलेली माती ‘चांगल्या जमिनीचा नमुना’ म्हणून तपासायला दिली, तर तपासणारा फसणारच. कर्करोगाच्या संशोधनात बराच काळ हेच चाललं. गाठीशेजारचा भाग किंवा छाती लहान करायच्या शस्त्रक्रियेत निघालेला भाग ‘नॉर्मल’ म्हणून धरला जाई. बिघाड कुठून सुरू झाला हे ओळखायचं, तर बिघडण्याआधीचं अंग कुणीतरी पाहायला हवं.

आणि ते अंग एकसारखं राहतं कुठे? न्हाणं येण्याआधी फ्रॉकखाली दुखऱ्या गोट्या होतात आणि मुलगी खांदे पुढे काढून चालू लागते. पुढे दर महिन्याला जडपणा येतो, उतरतो. पहिलटकरणीची छाती दुधानं दाटून ठणकते. बाळ दुसऱ्या खोलीत रडलं तरी चोळी भिजते. अंगावरचं तुटलं की सगळं ओसरतं, पाळी जाताना आतलं पुन्हा बदलतं. पाजलेली, न पाजलेली, तिशीतली, साठीतली, प्रत्येकीच्या आत पेशींची मांडणी निराळी. त्यात वंशाचाही भाग आहे. त्याच विद्यापीठातल्या हरिकृष्ण नक्षत्री यांच्या गटानं 2024 साली वेगवेगळ्या वंशांच्या 92 निरोगी स्त्रियांच्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि काही पेशींचं प्रमाण वंशागणिक बदलताना दिसलं. म्हणजे गोदाकाठच्या बायांविषयी नीट कळायचं, तर तुकडे गोदाकाठच्या बायांनीच द्यायला हवेत. आपल्या देशात 2022 साली स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण असल्याचा आणि 98 हजार मृत्यूंचा अंदाज आहे. गाठींचे नमुने जपणारी बँक मुंबईच्या टाटा रुग्णालयात आहे. पण गाठ शेवटी आजारी बाईकडून येते.

माझ्या आत्यानं गाठ अंगावर काढली. उसाला तोड आली, मग लेकीचं लग्न निघालं, मग आखाड. खरं कारण म्हणजे डॉक्टरांसमोर पदर सारायचा संकोच. याच आत्यानं शेजारणीला दूध नव्हतं तेव्हा तिचं पोर महिनाभर आपल्या अंगावर पाजलं होतं, तेही ओसरीवर बसून, चारचौघींत. तेव्हा तिला लाज आड आली नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदूध बँक सुरू केली, तिथेही बाळंतिणी अनोळखी बाळांसाठी दूध देत आल्या. द्यायचं म्हटलं की आमच्या बायका पुढे येतात. स्वतःसाठी दाखवायचं म्हटलं की मागे सरतात. आत्या स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढली नाही, पण ‘पुढं तुझ्या नातीला उपयोग होईल’ असं कुणी सांगितलं असतं तर चढली असती, याबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती विचारणाऱ्यांबद्दल. हंगामात आमच्याकडे ऊसतोडीला बीडच्या टोळ्या येतात. 2019 साली त्या जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्या बायांसमोर आता ‘थोडासा तुकडा द्या’ म्हणून जायचं असेल, तर पाय मोडून त्यांच्यासोबत बसावं लागेल. किती काढणार, दुखेल किती, ठेवणार कुठे, त्यातून औषध निघालं तर पैसा कुणाचा, आणि नाही म्हटलं तर कुणी डोळे वटारणार का, हे सगळं सांगावं लागेल. शुक्राचार्यांना निदान माहीत होतं की आपलं पोट कशासाठी फाटणार आहे.

असं शिबिर कोपरगावात भरवणार असाल, तर माझं नाव जरूर लिहून घ्या. संमतीचा कागद तेवढा मराठीत आणा, आणि सहीच्या आधी तो घरी नेऊन वाचायला एक रात्र द्या.