एसी थंडी बनवतच नाही, बॉस!

मे महिन्याची दुपार, हर्सूल टी पॉइंट आणि डोक्यावर हेल्मेट. हे कॉम्बिनेशन ज्यानं भोगलंय, त्याला ‘एसी ही चैन की गरज?’ असले प्रश्न विचारू नयेत. त्यात आमचं घर टॉप फ्लोअरला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजले तरी घरात उष्णता सोडत बसतो. आईला बीपीचा त्रास, आणि मला नेमकी रात्रीच कॉपी द्यायची असते. म्हणून दोन वर्षांपूर्वी एसी घ्यायचं ठरलं. पप्पांचा सपशेल विरोध. ‘वाळ्याचा कूलर असताना ही थेरं कशाला?’

खरं सांगायचं तर पप्पांच्या बोलण्यात दम होता. मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात कोरडी ठाक. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, हा कूलरचा साधा फंडा इथे झकास चालतो. आपल्या पाणचक्कीत हौदाच्या खाली एक मोठा हॉल आहे. छतावर पाणी, खाली गारवा. अठराव्या शतकातल्या लोकांना विजेशिवाय एवढं जमत होतं!

पण कूलर पाणी पितो. आणि नळाला रोज पाणी न येण्याची सवय झालेल्या शहरात ड्रम कूलरमध्ये रिकामा करायचा की बाथरूमसाठी ठेवायचा, यावर घरोघरी भांडणं होतात. त्यात जूनमध्ये ढग जमले, हवा दमट झाली की कूलरची हवा निघून जाते. नुसताच चिकचिकाट. शेवटी एसी आला.

आता गंमत ऐका. एसी थंडी तयार करत नाही. तो फक्त घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालच म्हणा ना! आतल्या कॉइलमध्ये जो गॅस फिरतो (त्याला रेफ्रिजरंट म्हणतात), तो भलताच हलका गडी. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-३२ उघड्यावर उणे ५२ अंशांनाच उकळतो. कॉइलमध्ये दाब कमी असतो, म्हणून तो तिथे गार राहून उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तुमच्या खोलीतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबलं की तो तापतो, इतका की बाहेरची ४२ अंशांची हवासुद्धा त्याच्यापुढे गारच. त्यामुळे तो आपली उष्णता बाहेर सोडतो, पुन्हा द्रव होतो, बारीक नळीतून जाताना दाब उतरतो आणि गार होऊन परत आत.

पाणी आपणहून वरच्या टाकीत चढत नाही, मोटर लावावी लागते. उष्णतेचंही तसंच. म्हणून या यंत्राला हीट पंप म्हणतात. एक व्हॉल्व्ह फिरवून हीच वरात उलटी काढली की डिसेंबरात बाहेरची उष्णता आत येते. ‘हॉट अँड कोल्ड’ एसी म्हणजे दुसरं काही नाही. साधा हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप तेवढ्याच विजेत साधारण तीन युनिट वाहून आणतो. आणि टाकी जितकी उंच तितकी मोटरला मेहनत, म्हणून १८ वर ठेवलेला एसी बिल फाडतो. २०२० पासून नव्या रूम एसींचं डिफॉल्ट सेटिंग २४ अंशांवर आलं, ते उगाच नाही.

खरी स्टोरी दुसऱ्या उन्हाळ्यात घडली. खोली गार होईना. मेकॅनिक आला, हात लावून म्हणाला, ‘गॅस संपलाय, भरून टाकतो.’ आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘संपला म्हणजे? तो काय सिलिंडर आहे जळून जायला?’

पॉइंट! हा गॅस एसीत जळून संपत नाही, झिजत नाही, बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तोच फिरतो. कमी झाला, तर कुठून तरी गळतोय. साबणाचा फेस लावून बघायला लावलं, तर बाहेरच्या युनिटच्या जॉइंटवर टपोरे बुडबुडे. जॉइंट नीट झाला, व्हॅक्यूम काढला, मग गॅस भरला.

‘मग आधीचा गेला कुठे?’ आईचा पुढचा प्रश्न. वर, आभाळात. पूर्वीचे गॅस ओझोनला भोक पाडत होते, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. नंतर आलेले ओझोनला सोडतात, पण पृथ्वी तापवतात. आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट, आर-३२ सुमारे ६७५ पट. म्हणजे पाऊण किलो आर-३२ गळाला, तर जवळपास ५०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. बाइकच्या भाषेत सांगू? लिटरला ५० चं ॲव्हरेज धरलं, तर सुमारे ११ हजार किलोमीटर! उन्हाळा वाढतो म्हणून एसी, आणि एसी गळतो म्हणून उन्हाळा.

उपाय आहेत. २०१६ च्या किगाली करारात भारत आहे, आणि २०२८ पासून आपल्याकडे अशा गॅसच्या वापराला लगाम बसायचाय. २०१२ मध्येच गोदरेजनं प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी आणले. त्याची उष्णता वाढवायची ताकद नगण्य. पण आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच तो भाऊबंद, पेट घेतो. तिथे शिकलेलाच मेकॅनिक हवा.

तोवर आपल्या हातात काय? ‘गॅस भरतो’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा. गच्चीला चुना मारा. आणि बाहेरचं युनिट कुणाच्या खिडकीवर फुंकतंय तेही बघा. आमचं आधी शेजारच्या पत्र्याच्या घराकडे तोंड करून होतं. तिथल्या काकूंकडे एसी नाही. आमच्या खोलीतली उष्णता त्यांच्या ओट्यावर जात होती, आणि त्या बिचाऱ्या काही बोलत नव्हत्या. गळती काढली त्याच दिवशी मेकॅनिककडून युनिट गच्चीवर चढवून घेतलं. पाइप थोडा वाढला, खर्चही झाला. पण संध्याकाळी काकू परत ओट्यावर बसायला लागल्या. आणि पप्पा? २६ वर एसी, वर पंखा फुल्ल, आणि दुपारी मस्त घोरतात!