पिल्लांच्या पायाखाली काय घालाल?

बायांनो, कोंबडीची पिल्ले आणायची म्हटली की आपण खाद्याचा भाव विचारतो, लस विचारतो, दिव्याची ऊब किती लागते तेही विचारतो. पायाखाली काय घालायचे हे मात्र कुणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी गटाचे कर्ज काढून मी गिरिराजची एक दिवसाची 100 पिल्ले आणली. आदल्या दिवशी खोली चुन्याने रंगवून काढली आणि लाकडाच्या वखारीतून करवतीचा भुसा आणून जमिनीवर पसरला. अगदी बारीक, पिवळाधमक. खोली लग्नघरासारखी दिसू लागली! आत्याबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना हा रवाच वाटंल." मी ते हसण्यावारी नेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार पिल्ले मेलेली. बाकीची काही मान टाकून बसलेली. गुरांच्या डॉक्टरांनी एक फाडून दाखवले. गळ्याखालची दाण्याची पिशवी भुशाने गच्च भरलेली. नव्या पिल्लाला दाणा कोणता नि भुसा कोणता हे कळत नाही. दिसेल ते टिपते. आठवड्यात 17 गेली. हप्ते मात्र शंभरांचेच भरले.

तेव्हापासून मी भाताचे तूस वापरते. आमच्या मावळात ते गिरणीवर सहज मिळते. दिसायला काही खास नाही, पण ओल शोषते आणि मोकळे राहते. रंध्याची जाड सालपटे मिळाली तर तीही चांगली. भुईमुगाची टरफले घालणार असाल तर आधी फोडून हुंगा. बुरशी लागलेली असली तर ती पिल्लांच्या छातीत जाते, आणि मग औषधाचा उपयोग होत नाही.

तूस दोन इंच जाड पसरावे. पहिले चार-पाच दिवस त्यावर जाड, खरबरीत कागद घालावा, म्हणजे पिल्ले तूस न टिपता दाणा ओळखायला शिकतात. कागद रोज बदलावा. वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होते. माझे एक झाले होते. ते अजून घरात आहे, कापायचा जीव होत नाही.

पुढे खरे काम ओलीचे. पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले तूस त्याच दिवशी काढावे, कारण रक्ती हगवण तिथेच वाढते. बाकीचे एक दिवसाआड खालीवर करावे. मूठभर तूस घेऊन दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त; सुटून पडले तर ठीक. धूळ उडाली तर फार कोरडे. आणि वास उभ्याने घेऊ नका. गुडघ्यावर बसून पिल्लाच्या उंचीला नाक न्या. तिथे डोळे चुरचुरले तर खिडकी उघडा, तूस बदला. आपल्याला उभ्याने काहीच कळत नाही.

निघालेले तूस मी उकिरड्यात कुजवून मगच शेतात टाकते. ताजे टाकले तर रोपे करपतात.

परवा नवी पिल्ले आली. खोलीत जाते तर आत्याबाई आधीच खाली बसलेल्या, मुठीत तूस घेऊन.