सुकाणूच्या शोधात मल्लिक बाजार

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरून पूर्वेकडे चालत निघालं, की केक-पेस्ट्रीची दुकानं आणि झगमगती हॉटेलं हळूहळू मागे पडतात. १७६७ साली सुरू झालेली इंग्रजांची जुनी दफनभूमी ओलांडली, की पुढच्या मोठ्या चौकात नाकाला ग्रीसचा वास येतो. हाच मल्लिक बाजार. मोटारींच्या सुट्या भागांचं हे माहेरघर! जुन्या मोटारी बाळगणारे शौकीन इथे येतात, ते बहुधा पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा झिजलेला तुकडा घेऊनच.

दिव्याची काच किंवा भोंगा मिळाला नाही, तर गाडी ओकीबोकी दिसते, एवढंच. स्टिअरिंगचं तसं नाही. तिथे चूक झाली तर जिवाशी गाठ!

१९२०-३०च्या काळातल्या अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याला खाली पोलादी आटे असतात आणि त्यांत एक दातेरी चक्र अडकलेलं असतं. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. त्यामुळे मधले दाते झिजतात, कडेचे कोरे राहतात. मग स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ताच नसतो. मिस्त्री याला ‘प्ले’ म्हणतात. आवळून तो काढावा, तर वळणावर कोरे दाते जखडतात. चक्र पूर्ण गोल असेल, तर ते पाव फेरी सरकवून न वापरलेले दाते कामाला लावता येतात. विरलेल्या लुगड्याला दांड घालणाऱ्या आजीची काटकसर ती हीच!

चक्राऐवजी नुसती दातेरी फाकच असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. बाजारात जोडीदार शोधावा लागतो. पण तो सापडला तरी तोही तेवढ्याच वयाचा, मधोमध तसाच झिजलेला. शिवाय लोखंडातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. तुकडा स्वच्छ करून त्यावर लाल रंग लावतात, पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मग घासाघीस करून आणलेला तो भाग थेट भंगारात.

अशा वेळी हुगळी ओलांडून हावडा गाठायचा. तिथल्या बेलिलियस रोडच्या परिसरात लेथची खरखर ऐकू येते. झिजलेल्या तुकड्याची हुबेहूब नक्कल केली, तर झिजेचीही नक्कल होते! म्हणून जाणता कारागीर मापं कडेच्या कोऱ्या दात्यांवरून घेतो. थोडी सुधारणाही करतो. मूळ रचनेत वंगण पोहोचत नसेल, तिथे ग्रीस भरायची सोय करतो, जुन्या बुशच्या जागी बेअरिंग बसवतो. चाकं वळवणारा दांडा मात्र तुटला, तर वेल्डिंगने सांधून वापरायचा नाही, हा दंडक.

‘मग गाडी अस्सल कशी?’ हा वाद शौकिनांत रंगतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवताना सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. स्टिअरिंगचं नाव त्यात नाही. तरी हौशी मालक बाहेरचं कवच जुनंच ठेवतात आणि ते योग्यच आहे. नवं काय ते आत.

काम झाल्यावर मालक पैसे देतात आणि तो जुना, झिजलेला तुकडा आठवणीने परत मागून घेतात. पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून.