ठिपका केव्हाचा?

माणसाला उतारवयात काही ना काही नाद लागतोच. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. मला नाद आहे एका टगचा! अजस्र मालवाहू जहाजांना ढकलून-ओढून न्हावा-शेव्याच्या धक्क्याला लावणारी ही बुटकी, दणकट बोट. तिच्या इंजिनावर माझा पुतण्या आहे. दादरला बसून मी मोबाइलवर तिचा ठिपका पाहतो आणि देवगडला वहिनींना फोनवर खबर देतो.

तिचा सारा तपशील मला पाठ आहे. लांबी 32 मीटर, ओढ 60 टनांची. ही ओढ मोजतात कशी? टगला धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोराने बांधायचे, इंजिन पुऱ्या जोराने चालवायचे आणि दोरावरचा ताण काट्यावर वाचायचा. बैलाची पारखच म्हणा ना! हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एवढं ओढते, तर माझ्या पोराला गणपतीला घरी का नाही ओढून आणत?"

बोटीवरचे यंत्र रेडिओलहरींवर आपले नाव, जागा, वेग सांगत असते; चालताना दर काही सेकंदांनी, नांगरलेली असताना तीन मिनिटांनी. कुठे निघालो, हे मात्र माणूस हाताने भरतो. त्यामुळे आमची टग न्हावा-शेव्यातच घिरट्या घालत कित्येक आठवडे पोरबंदरला निघालेली होती! ते असो. पण लहरी ऐकू येईनाशा झाल्या, तरी ठिपका लगेच पुसला जात नाही. शेवटचा जिथे ऐकू आला, तिथेच तो मुकाट बसून राहतो.

17 मे 2021. तौक्ते वादळ मुंबईजवळून चालले होते. वहिनींचा फोन आला. ठिपका बंदरातच होता. "आहे जागच्या जागी," असे म्हणणार, तोच खालची बारीक अक्षरे दिसली : चार तासांपूर्वी.

"वहिनी, चार तासांपूर्वी बंदरात होती," मी म्हणालो. पलीकडून बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

रात्री अकराला पुतण्याचा फोन आला. बोट सुखरूप होती. लहरी ऐकणारे किनाऱ्यावरचे यंत्रच बंद पडले होते. त्याच दिवशी अरबी समुद्रात 'वरप्रदा' नावाची टग बुडाली. तिच्यावरच्या 13 जणांपैकी दोघेच परतले.

आता वहिनी 'कुठे आहे?' असे विचारत नाहीत. विचारतात, "भावोजी, ठिपका केव्हाचा?"