पुस्तकांचीही उगवण पाहावी

मृगाआधी तुम्ही-आम्ही एक काम न चुकता करतो. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून १०० दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि रोज पाण्याचा हबका मारतो. आठवडाभराने गुंडाळी उलगडून कोंब मोजतो. ७० आले तर बियाणे पेरायला चालते. थोडे कमी आले तर एकरी प्रमाण वाढवतो, फारच कमी आले तर ते पोते बाजूला काढतो. दाणा दिसायला कितीही टपोरा असो, ही परीक्षा झाल्याशिवाय आपण त्याला मातीत घालत नाही.

वाचकहो, मुलांसाठी कवितांची पुस्तके निवडतानाही हीच रीत लागते, हे मला साठी गाठल्यावर कळले. कसे कळले ते सांगते.

आमचे गाव किन्हीराजा, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले. घरची कोरडवाहू जमीन. सोयाबीन, त्यात तुरीचे तास आणि ओल राहिली तर हरभरा. मुलगा आणि सून पुण्याकडे चाकणला कंपनीत कामाला आहेत. नातू तिसरीत, तो माझ्याजवळ असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आमच्यासारख्या शाळांत पालकांची समिती आली. तिच्यात चारातले तीन हिस्से पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असे कायदाच सांगतो. नातवाची पालक म्हणून त्या समितीत माझेही नाव लागले. त्याच कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे असेही लिहिले आहे. वर्गात कवितांच्या पुस्तकांची एक फळी करायचे ठरले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "आजी, हे काम तुम्ही घ्या. पोरांचं मन तुम्हाला कळते."

मी घाबरले. मी दहावी नापास. शिवाय कवितेशी माझे जुने वाकडे होते. माहेरच्या शाळेत चौथीत असताना पाठ केलेली कविता म्हणता म्हणता एक ओळ विसरले आणि तळहातावर पट्टी बसली. त्या दिवसापासून पुस्तकातली कविता म्हटली की हात आपोआप मागे जायचा. घरी मात्र माझी माय पहाटे जात्यावर बसली की एकापाठोपाठ एक ओव्या म्हणायची. तिला अक्षर येत नव्हते, पण ओवी कधी अडली नाही. तीही कविताच, हे मला कोणी सांगितले नव्हते.

तर पहिल्या खेपेला मी वाशीमला जाऊन फसले. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, दोष माझाच. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरे, गुळगुळीत कागद पाहून एक भारी पुस्तक उचलले. घरी येऊन संध्याकाळी अंगणातल्या निंबाखाली गल्लीतली दहा-बारा पोरे बसवली. माझा चष्मा जुना, म्हणून शेजारची सहावीतली पोर वाचायला बसली. पहिली कविता स्वच्छतेवर, दुसरी बचतीवर, तिसरी झाडे लावण्यावर. तिसऱ्या कवितेला एकजण पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला, दुसऱ्याला तहान लागली, तिसरी म्हणाली, "आजी, म्या जाऊ काय? माय बलावते." तिच्या मायने काही बोलावले नव्हते. दाणा टपोरा होता, पण कोंब फुटत नव्हता. ताळेबंद यमक जुळवलेला उपदेश म्हणजे कविता नव्हे, हे पोरांनी मला न बोलता सांगितले.

दुकानदार भला माणूस. त्याने ते पुस्तक परत घेतले आणि बारा पातळ पुस्तके पसंतीवर दिली. मग मी गोणपाटाचाच नियम लावला. रोज एका पुस्तकातली एक कविता दोनदा वाचायची. अर्थ सांगायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणी आपण होऊन म्हणाले, "कालचं वाच ना," तर त्या पुस्तकापुढे खूण करायची. नाही म्हणाले, तर पुस्तक परत.

या परीक्षेत माझे दोन समज मोडले.

पहिला समज असा, की खेड्यातल्या पोरांना बैल, विहीर आणि शेत हेच आवडणार. विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' मी जवळजवळ बाजूलाच ठेवले होते. हे पुस्तक १९६१ सालचे, आणि ही बाग म्हणजे मुंबईची, जनावरांची. आमच्या गल्लीतल्या एकाही पोराने ती पाहिलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच मागितले. विंदांचे 'एटू लोकांचा देश' १९६३ चे. तो देश तर कोणीच पाहिलेला नाही, तरी पोरे तिथे जाऊन आली. ज्ञानपीठ मिळवणारा हा कवी लहानांसाठी लिहिताना उपदेशाचे गाठोडे दाराबाहेर ठेवून येतो. जे पाहिले नाही ते पाहायला मिळणे, यासाठीच तर पोराला पुस्तक लागते. बैल त्याच्या दारात रोजच आहे.

दुसरा समज अवघड होता. एका पुस्तकात आई दूर गेलेल्या लेकराची कविता होती. मी ती एकटीने वाचली आणि ते पुस्तक गुपचूप धान्याच्या कोठीवर सरकवून ठेवले. कारण तुम्हाला सांगते. माझा नातू वर्षभर आईबापाजवळ राहून तिकडच्या शाळेत गेला होता. तिथे तो 'मले-तुले' बोलला की पोरे हसायची. हळूहळू त्याने वर्गात बोलणेच सोडले. म्हणून त्याला इकडे आणला. इथे त्याच्या बोलीला हसणारे कोणी नव्हते, पण वर्गात त्याचे तोंड काही उघडले नाही. निंबाखालीही तो सगळ्यांच्या मागे, खोडाला टेकून बसायचा. अशा पोराला ती कविता कशाला ऐकवायची?

चार दिवसांनी रात्री दिवा मालवताना तो म्हणाला, "आजी, कोठीवरचं पुस्तक काहून नाही वाचत?"

मी ठेवताना त्याने पाहिले होते. नंतर चढून वाचलेही होते. मी म्हटले, "ते रडवते, बाबू."

तो म्हणाला, "मले माईत हाय. तरी वाच."

मी वाचली. तो रडला नाही. रडले ते मीच. त्याने मात्र ती पुन्हा वाचायला लावली, आणि मग झोपला. मायबहिणींनो, आपण दुःखाची कविता लेकरापासून लपवतो, दुःख काही लपवू शकत नाही. ते त्याच्याजवळ असतेच, फक्त त्याला शब्द नसतात. म्हणून फळीवर हसवणारी पुस्तके दहा असली, तर एक-दोन अशीही असावीत.

बारापैकी सात पुस्तके पास झाली. पण फळी लावताना एक उणीव दिसली. सातही पुस्तकांत आमच्या घरातली बोली नव्हती. तेव्हा मला बहिणाबाई चौधरी आठवल्या. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेली ही शेतकरीण बाई; लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर तिने जे रचले, ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी उतरवून घेतले. १९५१ ला ती वारली आणि १९५२ ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. कोणी उतरवून घेतले नसते, तर ते सारे तिच्याबरोबरच गेले असते. आज तिच्या कविता पाठ्यपुस्तकांत येतात, आणि त्या तिच्या बोलीतच आहेत. कोणी त्यांना शहरी कपडे घातले नाहीत.

मग आम्ही एक शंभरपानी वही घेतली. भुलाबाईची गाणी गल्लीतल्या पोरींनी आपापल्या आज्यांना विचारून लिहिली. घराघरात शब्द वेगळे निघाले, तेही तसेच लिहिले. पोळा जवळ आला होता. आमच्या घरी बैलजोडीपुढे झडती म्हणण्याचा मान जुना. नातू आपल्या आबाजीच्या मागे लागला. ते सांगत गेले आणि तो लिहीत गेला. एके ठिकाणी त्याने 'मले' खोडून 'मला' केले. आबाजी म्हणाले, "राहू दे बापा तसंच. बैलाले तेच समजते."

वही वर्गाच्या फळीवर गेली. गुरुजींनी एक दिवस विचारले, यातले कोण वाचून दाखवतो? नातू उठला. मी तिथे नव्हते. पण गुरुजींनी सांगितले, की तो अर्ध्यात अडला, थांबला आणि पुढे वाचत गेला. कोणी हसले नाही. आता लगेच तो वर्गात बडबड्या झाला असे नाही. अजूनही कमीच बोलतो. पण त्या रात्री आईचा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा मला 'तू बोल' म्हणावे लागले नाही.

आता तुमच्या कामाचे थोडे. एका जाड पुस्तकाऐवजी पातळ चार घ्या, म्हणजे चौघांच्या हाती चार राहतात. लहानांसाठी अक्षर मोठे, पानावर एकच कविता. शिवण ओढून पाहा. नुसते चिकटवलेले पुस्तक महिन्यात सुटते. सर्वांना आवडलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्यातही मुलांच्या कविता असतात. आणि पुस्तक फळीवरच ठेवा, कपाटात कुलूप लावून नको. पान मळले, कोपरा दुमडला, तर रागावू नका. बियाणे पेरल्यावर त्याला माती लागायचीच.

आणि विकत घेण्याआधी एक कविता मोठ्याने वाचून पाहा, चार पोरे जवळ बसवून. दुसऱ्या दिवशी कोणी 'पुन्हा' म्हणाले, की समजा कोंब आला.