कोरडं फडकं

होळी झाली की अक्कलकुव्यात माझ्याकडे गाड्या धुवायला रांग लागते. काठी गावची राजवाडी होळी पाहून, देवगोई घाट उतरून पाहुणे येतात. गाडीवर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. मालक उतरतो, खिशातला रुमाल काढतो आणि दोन दारांमधली काळी चकचकीत पट्टी पुसायला लागतो. इकडे माझ्या पोटात गोळा येतो.

या पट्टीला गिऱ्हाईक ‘पियानो ब्लॅक’ म्हणतं. शोरूममध्ये तीच डोळ्यांत भरते आणि सगळ्यात आधी तीच म्हातारी दिसायला लागते. दाराच्या पत्र्यावर, रंगाच्या वर क्लिअर कोट असतो. ही पट्टी मात्र पुष्कळदा नुसतं काळं प्लॅस्टिक. धुळीतली वाळू त्याहून कडक. कोरडं फडकं फिरलं की त्याचा पॉलिश पेपर झालाच म्हणून समजा.

मोबाईलची बॅटरी लावून बघा. उजेडाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल. बॅटरी सरकवली की जाळंही सरकेल. ओरखडे मुळात गोल नसतातच. ते सगळीकडे असतात, उजेडाला आडवे येतील तेवढेच चमकतात.

या कामात नवा असताना एका गाडीच्या पट्टीवर मी बफिंगचं मशीन एकाच जागी रेटलं. पत्रा ऊब पसरवतो, प्लॅस्टिक ती धरून बसतं. मधोमध धुरकट डाग पडला तो पडलाच. नवी पट्टी माझ्या खिशातून बसवून दिली.

आता आधी भरपूर पाणी, मग शाम्पूचा फेस, मग ओलं मायक्रोफायबर, दाब न देता. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके सावलीत, पाणी घातलेल्या व्हिनेगरनं. मशीन सगळ्यात शेवटी: कडेच्या रबराला टेप, मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश, कमी स्पीड. मधूनमधून बोटं टेकवून बघायचं; कोमट लागलं की थांबायचं.

खोल ओरखडा मी तसाच ठेवतो. तो घालवायचा तर भोवतालचंही तेवढंच झिजवावं लागतं.

“दादा, हा एक राहिला की!”

“राहू द्या, भाऊ. आणि वाटेत धूळ बसली तर तीही राहू द्या. ती बसून काही बिघडत नाही, पुसून बिघडतं.”

भाऊ हसतो आणि हातातला रुमाल घडी घालून खिशात ठेवतो.