खंडन छापलं म्हणजे बातमी खोटी ठरत नाही

तालुक्याच्या गावात पत्रकारिता करताना अधूनमधून एखादं खंडन छापावं लागतंच. 'सदर वृत्तात तथ्य नाही.' छापतो. समोरच्याची बाजू द्यायलाच हवी. पण खंडन हा पुरावा असतो का? सध्या मी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा एक जुना वाद वाचतोय, त्यात हाच प्रश्न आहे.

जोसेफ स्मिथने १८३० मध्ये हा पंथ स्थापला. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार केलं. त्याने अनेक लग्नं केली होती का, यावर त्याला मानणारेच आजही भांडतात.

'नाही' म्हणणाऱ्यांचे मुद्दे फालतू नाहीत बरं का. त्याने स्वतः जाहीरपणे नाकारलं. पत्नी एमाने १८७९ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, मुलाला सांगितलं की असलं काही नव्हतंच. इतर बायकांपासून झालेलं एकही मूल डीएनए चाचणीत सिद्ध झालेलं नाही. आणि बायकांच्या शपथेवरच्या साक्षी बहुतेक १८६९ नंतरच्या. तोवर युटामध्ये ब्रिगहॅम यंगच्या हाताखाली बहुपत्नीत्व उघड चालू होतं. त्यांना संस्थापकाचा आधार हवाच होता.

म्हणून युटावाले क्षणभर बाजूला ठेवू. १८४४ मध्येच काय छापलं गेलं ते बघू.

७ जून १८४४ ला नावू गावात 'नावू एक्स्पॉझिटर' हे वर्तमानपत्र निघालं. काढणारे पंथातूनच फुटलेले, बहुपत्नीत्वाच्या विरोधातले. त्यात विल्यम लॉ आणि त्याची बायको जेन यांची प्रतिज्ञापत्रं होती: एका लेखी दैवी आदेशात काही पुरुषांना अनेक बायकांची मुभा आहे, आणि नवऱ्याला अडवणाऱ्या बायकोला दोषी धरलंय. तीनच दिवसांत नगर परिषदेच्या हुकमाने छापखाना मोडला. महापौर कोण? जोसेफ स्मिथ. तो पहिला अंक, तोच शेवटचा.

पुढे १८५२ मध्ये युटातल्या चर्चने तो आदेश स्वतः प्रसिद्ध केला. त्यात या दोन्ही गोष्टी आहेत! एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट एकच मजकूर सांगतात, तेव्हा तो नंतर रचला असं म्हणणं अवघड होतं.

शिवाय स्मिथचा लेखनिक विल्यम क्लेटन याची डायरी आहे. १२ जुलै १८४३ ची नोंद सांगते की आदेश त्या दिवशी लिहून घेतला, एमाला वाचून दाखवला आणि तिने त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. त्या बाईचं नंतरचं 'नव्हतंच' मला खोटारडेपणा वाटत नाही. कुणी घरातली जखम चारचौघांत दाखवतं का?

२०१४ मध्ये चर्चनेच मान्य केलं की स्मिथच्या लग्नांचा काळजीपूर्वक केलेला अंदाज ३० ते ४० च्या घरात जातो. नेमका आकडा आणि प्रत्येक नात्याचं स्वरूप यावर वाद घालायला जागा आहे. लग्नं झालीच नाहीत म्हणायला मात्र, माझ्या मते, नाही.

कोण बोलतंय, कधी बोलतंय, बोलून त्याला काय मिळतंय, हे पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात. ही कसोटी आरोप करणाऱ्याला लावायची तशीच नाकारणाऱ्यालाही लावायची. आपल्याकडे माणूस आवडता असला की दुसरी अर्धी कसोटी आपण सोयीने विसरतो.

आणि ज्याला खंडन करून भागत नाही, छापखानाच मोडावा लागतो, त्याची बातमी जरा जास्त लक्ष देऊन वाचावी.